किल्लीवाली आणि भुकटी विभागाचे मामा

…आणि तिसऱ्यानेही जेव्हा “माझं मामांच्या फोनला जोडा” असं सांगितलं, तेव्हा मात्र किल्लीवालीचे हात कीबोर्डवर थांबले. काल गोष्ट इथवरच आली होती. आधीच्या दोघी बायका मामांचंच नाव सांगून गेल्या, तेव्हा तिला वाटलं, असतील एकमेकींच्या मावसबहिणी. पण हा तिसरा म्हणजे भुकटी विभागाचा मिशा पिकलेला फोरमन, तिच्या वडिलांपेक्षा थोराड. याला या वयात मामा, आणि तोही त्या दोघींचाच?

“कुठले हो मामा?” तिने विचारलं.

“कुठले म्हणजे? आपले गेटवरचे!” फोरमन म्हणाला, जणू सूर्य कुठून उगवतो असं तिने विचारलं होतं.

आता ही किल्लीवाली कोण, तेही सांगायला हवं. औषधाच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राला लागून तिचं टेबल. किल्ली म्हणाल तर तिच्याकडे एकही नाही. कारखान्याचं सगळं काम आता संगणकावर, आणि तो कारभारही कुठल्या तरी दूरच्या, भाड्याने घेतलेल्या मोठमोठ्या यंत्रांवर. त्यालाच क्लाउड म्हणायचं. त्यात कोणी शिरायचं आणि कोणाला काय उघडायचं, हे बघणारी ही. नवा माणूस आला की त्याला ओळख द्यायची, बदली झाली की जुनी दारं बंद करून नवी उघडायची, नोकरी सोडली की त्याच दिवशी सगळं काढून घ्यायचं.

लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं, “अगं, तू दिवसभर करतेस तरी काय?” तिने हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग मी या घरात दुसरं काय करते? थोरल्या सुनेला कपाटाची किल्ली दिलीय, तुला अजून दुधापुरतंच ठेवलंय, आणि तुझ्या नवऱ्याचे खाऊच्या डब्यावरचे हक्क तर कधीच काढून घेतलेत!” ‘किल्लीवाली’ हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि ते घरातून कारखान्यात कधी पोचलं ते कोणालाच कळलं नाही.

तर या किल्लीवालीने अलीकडेच नवा नियम लावला होता. नुसता पासवर्ड पुरे नाही. तो टाकला की आपापल्या फोनवर प्रश्न येणार, ‘तुम्हीच का?’ तिथे ‘हो’ दाबलं तरच दार उघडणार. पासवर्ड चोरीला गेला तरी फोन खिशातच असतो, अशी त्यातली खुबी. आणि इथे फोरमनचं जोडून देऊन तिने यादी चाळली, तर बाकीच्यांनीही आपलं आपण तिथेच जोडून घेतलेलं, अख्खा विभाग एका मामांच्या खिशात!

ती तडक भुकटी विभागाच्या गेटवर गेली. केबिनमध्ये पहाऱ्यावरचे मामा, भिंतीला फोन ठेवायचे लॉकर, टेबलावर मामांचा मोबाइल. ती स्टुलावर टेकते न टेकते तोच मोबाइल टुणकन वाजला. मामांनी एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालता घालता अंगठा टेकवला.

“मामा, हे कोण होतं?”

“असेल आपल्यातलंच कोणी.”

“कधी ‘नाही’ दाबलंत का?”

मामांचा चेहरा पडला. “नाही कसं म्हणायचं, ताई? माणूस बिचारा कामावर आलेला असतो. फोरमन म्हणाला, वाजलं की हो म्हणा. मी म्हणतो.”

तिने परत टेबलापाशी येऊन करून बघितलं. फोरमन तोवर घरी गेला होता. तिने त्याचा पासवर्ड बदलला आणि त्याच्या नावाने आत शिरायला गेली. मामांचा ‘हो’ आलाच, अगदी तत्परतेने! समोर औषधांची मापं उघडी पडली. कशात काय किती घालायचं, सगळं. एखादा आकडा कोणी इकडचा तिकडे केला असता तर?

लपवण्याजोगी गोष्ट नव्हती. तिने साहेबांना सांगितलं. साहेब ताडकन उठले. “मामाला काढून टाका! त्याचं गेटचं कार्ड संध्याकाळच्या आत बंद करा. तुम्हीच करा.”

खरंच, ते काम तिचंच होतं. नाव शोधायचं, बटण दाबायचं. मामा उद्या स्वतःच्याच गेटबाहेर उभे. तिने नाव शोधलं, पण बटणावर बोट जाईना. दयामाया राहू द्या बाजूला, तिला एक कोडं सुटत नव्हतं. इतकी शहाणी माणसं, प्रत्येकाकडे चांगला फोन, मग सगळ्यांना मामाच का सुचावेत?

भुकटी विभागात तिने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. ती निघाली. गेटवर मामांनी तिचा मोबाइल मागून घेतला, लॉकरमध्ये ठेवला. “आत न्यायचा नाही, ताई. फोनबरोबर धूळ जाते, ठिणगीने भुकटी पेटायची भीती. साहेबांचा हुकूम आहे.” पुढे बूट बदलले, टोपी घातली, डगला चढवला. आत सगळीकडे पांढरं पांढरं, यंत्राची घरघर, आणि कोपऱ्यात संगणक. तिने स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर अक्षरं आली, ‘फोनवर होकार द्या.’

फोन लॉकरमध्ये! टोपी घातलेल्या दोघीतिघी गालात हसत होत्या. भिंतीवर इंटरकॉम होता. तिने त्यावरून गेटचा नंबर लावला.

“मामा, अहो माझा फोन…”

“कळलं, ताई,” पलीकडून मामा प्रेमाने म्हणाले. “तुमचंही माझ्याच फोनला जोडायचं का?”

तिला हसू आवरेना. हसतच ती डगला उतरवून साहेबांच्या खोलीत शिरली. साहेबांनी मान वर न करता विचारलं, “केलंत का बंद?”

ती म्हणाली, “बंद करायला मला क्षणभर पुरेल, साहेब, पण मामांच्या जागी उद्या जो कोणी बसेल, त्याच्याही फोनवर हा सगळा विभाग येऊन बसणार, कारण जिथे फोन न्यायचा नाही असा तुमचा हुकूम, तिथेच फोन मागणारं कुलूप मी लावलंय, तेही आत एकदा न डोकावता. फोनच्या होकाराऐवजी संगणकाला लावायच्या बोटाएवढ्या किल्ल्या मिळतात, त्या मागवा, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक घालू. त्या येईपर्यंत मी गेटवर मामांच्या शेजारी बसते, इंटरकॉमवर माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना ‘हो’ दाबू देत नाही. तेवढी एक खुर्ची पाठवा, तिथलं स्टूल फार डगमगतं.”