अक्कांसाठी गार चॉकलेट

आधी उकळायचं, मग गार करायचं, मग बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि शेवटी मिक्सरमध्ये घालून फोडायचं. एवढी उठाठेव करून प्यायचं काय, तर चॉकलेट. माझ्या मुलीनं फ्रीजला टेकून उभं राहून मला हे समजावलं, तेव्हा मी सरळ विचारलं की गोठवायचंच आहे तर उकळता कशाला? मे महिन्यात जळगावात आमच्या पिंप्राळ्याच्या घरात दुपारी नळ सोडला तर हात भाजतो, आणि ही बया गॅस पेटवायला निघाली होती. ती म्हणाली, उकळल्याशिवाय कोको दुधात मिळून येत नाही, जिभेवर पीठ पीठ राहतं. पुण्याला होस्टेलवर सगळ्याजणी मिळून करतो, आजीला नक्की आवडेल.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. माहेर साक्रीकडच्या खेड्यातलं. लग्नानंतरचा सगळा जन्म जळगावात गेला, पण बोलणं अजून तिकडचंच. त्यांना मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. ताट पुढे केलं की एक घास घ्यायच्या, माटी लागस म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

आता दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, होईल हळूहळू. पण अक्कांची जीभ म्हणजे काय चीज आहे हे आमच्या गल्लीला विचारा. उन्हाळ्यात घरोघरी काळा मसाला होतो, तेव्हा बायका वाटीत चमचाभर घेऊन अक्कांकडे येतात. अक्का चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि सांगतात की धने जुने आहेत, खोबरं कमी भाजलंय, लवंग हात सैल सोडून घातलीय. माझ्या मसाल्याला तर त्या दरवर्षी नावं ठेवतात. मी तोंडाला तोंड देते, त्या ऐकत नाहीत, हे पेपरमागे तोंड लपवतात. आमचा उन्हाळा असा जातो.

या वर्षी मसाला मी एकटीनं केला. अक्का सोबतीला नाहीत म्हटल्यावर कांडपावर जाऊन उभं राहायचा उत्साहच नव्हता, म्हणून घरीच भाजला आणि मिक्सरवर थोडा थोडा करून दळला. घरभर वास सुटला, शेजारणी शिंकत दारात आल्या. अक्का आतल्या खोलीत होत्या, पण काय भाजतेस एवढंसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

सगळे प्रकार करून झाले. मुगाची खिचडी झाली, ताकाची कढी झाली, तुपात कुस्करलेली बट्टी झाली. फैजपूरच्या नणंदेनं केळी पाठवली, ती कुस्करून दुधात घातली. शेवटी आमरस केला. आमरसाची वाटी अक्कांनी हातानं बाजूला सारली, तेव्हा मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी नुसती उभी राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रिपोर्ट चांगले आहेत, गार-गोड जे जाईल ते द्या, पण दोन दिवसांत खाल्लं नाही तर भरती करून सलाइन लावू. अक्कांना दवाखान्याची भयंकर धास्ती. आजेसासरे भरती झाले ते परत आले नव्हते, हे त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. मला तेव्हा फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते. फ्रीजवर चिडले, कूलरवर चिडले, यांच्यावर तर विनाकारण चिडले.

अशात ही चॉकलेटची टूम निघाली. म्हटलं चल, हेही करून बघू.

हे बाजारातून चॉकलेटच्या वड्या घेऊन आले. वाटेत कुणी भेटलं असणार, यांना वाटेत कुणी भेटलं नाही असा दिवस नाही. स्कूटरची डिकी उघडली तर वेष्टणात नुसता चिखल. मुलगी कपाळाला हात लावून हसायला लागली. चॉकलेट वितळवायचं एक काम उन्हानं फुकटात करून दिलं होतं. तो चिखल, दूध, कोको आणि साखर असं पातेल्यात घातलं आणि ढवळायला लागलो. आणि खरं सांगते, तो वास आला तशी मी जरा निवळले. घरात किती दिवसांनी औषधाशिवाय दुसरा वास आला होता. आम्ही दोघींनी चमचा चाटून बघितला, हेही आले, त्यांनी डावच चाटला.

ट्रे भरून वरच्या कप्प्यात ठेवला आणि लाइट गेली. आमच्याकडे लाइट बरोबर नको तेव्हा जाते. हे दर थोड्या वेळानं उठून फ्रीज उघडून बघायचे की गोठलं का, आणि मी ओरडायचे की उघडू नका, आहे तो गारवाही जाईल. मुलगी म्हणाली, आई, तू ओरडतेस त्यानंच वितळतंय. मी तिला लाटणं दाखवलं. कसेबसे सकाळपर्यंत ट्रेमध्ये काळपट तपकिरी खडे तयार झाले.

दुपारी अक्का कूलरसमोर बाजेवर बसल्या होत्या. स्वयंपाकघरात मुलगी खडे फोडायला लागली आणि ज्यूसच्या भांड्याचं पातं पहिल्याच फटक्यात अडकलं. मिक्सर घुर्र करून बसला, जळका वास आला. दूधही संपलेलं. मी बाहेर दुधाला गेले. जाताना सांगितलं की मिक्सर गार होऊ दे आणि तोवर हात लावू नकोस. दूध घेऊन येते तर मिक्सर झकास चालू आणि हे शेजारी उभे, अर्धवट फुटलेला एक खडा गालात धरून. मुलीनं माझ्या हातातलं दूध भांड्यात ओतलं, आणखी एकदा फिरवलं. दाट, फेसाळ असं ग्लासात उतरलं. वर फ्रीजमध्ये बाजूला काढून ठेवलेल्या चॉकलेटचा कीस. दिसायला इतकं सुरेख, की मलाच प्यावंसं वाटलं.

मुलगी चमच्यानं अक्कांना भरवायला बसली. पहिला चमचा अक्कांनी नातीच्या आग्रहाखातर घेतला. आता माटी लागस म्हणणार म्हणून मी पदर मुठीत धरून उभी. अक्कांनी पुन्हा तोंड उघडलं. दुसरा चमचा घेतला. डोळे मिटले. मग कपाळावर आठी आली आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

“यामा मसाला कोनी टाका?”

मला काही कळेना. मी ग्लास घेऊन घोट घेतला. मला चॉकलेटच लागलं, गार, गोड, कडवटसर. हां, गिळल्यावर घशात किंचित झणका आला. मी मान वळवून स्वयंपाकघरात बघितलं, तर मिक्सरवर मसाल्याचं भांडं, मघाच्या घाईत मी बघितलंच नव्हतं. ज्या भांड्यात आम्ही साखरसुद्धा दळत नाही, ज्यावर मी लाल दोरा बांधून ठेवलाय, त्या भांड्यात माझ्या मुलीनं चॉकलेट फिरवलं होतं. ती म्हणाली, घासलं होतं गं, लिंबू लावून घासलं होतं. झाकणाच्या रबरात मसाला अडकून राहतो हे होस्टेलवर कोण शिकवणार? माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला काय काय ऐकवायचं ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

अक्कांनी माझ्या हातातून ग्लास ओढून घेतला आणि तिसरा चमचा स्वतःच्या हातानं खाल्ला.

“दगडफूल करपी गयं शे. धिम्मा आचवर भाजनं पडस.”

मी जिथल्या तिथे थांबले. दगडफूल भाजताना आच मोठी राहिली होती हे खरं. पण तो मसाला घालून केलेली भाजी आम्ही आठवडाभर खात होतो. यांच्या लक्षात आलं नव्हतं, शेजारणींच्या नव्हतं, माझ्यासुद्धा नव्हतं. अक्कांनी ते चॉकलेटच्या आणि बर्फाच्या आडून, झाकणाच्या रबराएवढ्या मसाल्यातून ओळखलं होतं. हे खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्या मुलीला अजून वाटत होतं की आता आपली चंपी होणार, ती दोन पावलं मागे सरकली.

नेहमीची मी असते तर म्हटलं असतं, सगळ्या गल्लीला आवडलाय, तुम्हालाच बरा करपट लागला. तोंड उघडलंही होतं. पण शब्दाऐवजी हुंदका आला, आणि मी बाजेच्या कडेवर बसून ढसाढसा रडले. इतका आनंद झाला होता मला, की काय करावं ते सुचेना.

अक्का गांगरल्या. त्यांना वाटलं, मसाल्याला नाव ठेवलं म्हणून ही रडतेय. मी या घरात आल्यापासून त्यांनी माझ्या हातच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं आणि एकदा ठेवलेलं नाव कधी मागे घेतलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं ग्लासातलं सगळं संपवलं, चमच्यानं तळ खरवडला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“रडू नको. इतला वाईट नही शे,” त्या म्हणाल्या, आणि रिकामा ग्लास पुन्हा भरायला माझ्या हातात दिला. “आखो दे.”