बाबांनी घडवलेला चिमटा

माझी उंची चार फूट नऊ इंच. मोटरसायकलवर बसले की दोन्ही पाय हवेत लोंबतात, म्हणून मी स्कूटी घ्यायची ठरवली होती. शाळा अहिवाऱ्यात, घर भिलाईत आणि बसचा भरवसा नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातली बाई सरळ दुकानात गेली असती आणि गाडी घेऊन आली असती. आमच्या घरात बाबा आहेत.

"त्या रस्त्यानं चुनखडीचे ट्रक चालतात," ते म्हणाले. "तेवढ्याश्या चाकाची गाडी खड्ड्यात गेली का तू बी गेली. मी तुले बुटकी मोटरसायकल बनवून देतो."

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटच्या फोर्ज शॉपमधून निवृत्त झाले. सगळा जन्म तापलेल्या लोखंडासमोर गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ठोकून घडवता येते असं त्यांना वाटतं. मी नको म्हणाले. आई नको म्हणाली. असली गाडी आरटीओत पास कशी होणार, हेही विचारून झालं. "ते मंग पाहू," म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात पावर हाउस बाजारातल्या भंगारवाल्याकडून एक जुनं इंजिन आणि ट्रकच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पट्टे ऑटोत घालून आले. मागच्या अंगणात कोळशाची भट्टी लागली. आईच्या पापडांवर काजळी बसायला लागली, तसं तिनं वाळवण गच्चीवर नेलं आणि दोन दिवस अबोला धरला. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही.

सांगाडा त्यांनी ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेतला. तो खरंच चांगला झाला, हे मला कबूल करावं लागलं. अडलं ते चिमट्यापाशी. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं ती दोन पायांची पकड. बाजारातले शॉकर लावले तर गाडी उंच होते, म्हणून चिमटा हातानं घडवायचा. तो रस्त्यात तुटला तर बसणारीचं काय होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

लोहार थर्मामीटर लावत नाही, रंग बघतो. पट्टा नागपुरी संत्र्याच्या रंगाचा झाला की भट्टीतून काढायचा आणि घण घालायचा, हे बाबांचं शास्त्र. त्याच्यापुढे गेला तर ठिणग्या उडतात, लोखंड जळतं आणि कामातून जातं. शास्त्र बरोबरच होतं. पण बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, गाडी होऊ दे.

पहिला पट्टा घणाखाली चुरला. बाबा म्हणाले, आजकालच्या लोखंडात दम नाही. ज्या गावाचं पोटपाणी लोखंडावर चालतं, त्या गावात बसून हे म्हणायला हिंमत लागते. दुसऱ्या वेळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अवो, काढा ना आता."

"संत्रं नाई झालं अजून."

"संत्रं कवाचंच होऊन गेलं. लिंबू झालं आता. ठिणग्या उडून राहिल्या त्याच्यातून."

"कोळशाच्या हायेत त्या. तुले काय समजते?"

दुसराही चुरला. या खेपेला दोष कोळशाचा निघाला.

मी मुलांना विज्ञान शिकवते. मी बाबांना समोर बसवून नीट सांगितलं की मोतीबिंदूमुळे पिवळं नारिंगी दिसतं, उजेड कमी वाटतो, म्हणून तुम्ही पट्टा जास्त वेळ ठेवता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू जन्माले यायच्या आधीपासून मी लोखंड पाहून राहिलो. मले शिकवू नको." त्यानंतर आठवडाभर घरात मीच वाईट ठरले.

तिसऱ्या खेपेचा चिमटा मात्र टिकला. बाबांनी तो कानशीनं घासला, काळा रंग दिला, गाडीला लावला आणि रविवारी सकाळी मला अंगणात बोलावलं. गाडी सुरेख दिसत होती. माझे पाय जमिनीला टेकले असते. मी बसले नाही.

"कावून? भेव वाटते?"

"वाटतं. त्याच्यातूनसुद्धा ठिणग्या उडाल्या होत्या, बाबा. आईनं पाहिल्यात."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पाना घेतला, चाक काढलं, चिमटा सोडवला आणि त्याचा एक पाय वाइसच्या जबड्यात आवळला. मग कोपऱ्यातला घण माझ्या हातात दिला.

"मार. वाकला त वाकू दे, तुटणार नाई. तुटला त तुझं खरं."

तीन महिन्यांचा वैताग माझ्या हातात होता. मी पूर्ण ताकदीनं मारलं. दुसऱ्याच घावाला चिमट्याचा पाय कडकन तुटून फरशीवर पडला.

बाबांनी तुकडा उचलला, उन्हात नेला, डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. त्यांना काही दिसेना. शेवटी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"दाणा मोठा हाय काय?"

"हो. साखरेसारखा."

चांगल्या लोखंडाचा दाणा बारीक असतो, जळक्याचा जाड. हे मला लहानपणी त्यांनीच दाखवलं होतं. ते ऐरणीवर बसले. तुकडा मांडीवर ठेवून अंगठा तसाच फिरवत राहिले.

"याच्यावर मी तुले बसवून राहिलो होतो," ते म्हणाले.

वाद मी जिंकला होता. काय काय ऐकवायचं ते तीन महिने मनात जमवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. मला इतका राग आला की रडूच फुटलं. आई आतून आली, तिनं तुकड्याकडे पाहिलं आणि भट्टीवर तांब्याभर पाणी ओतलं. बाबांनी तिला अडवलं नाही.

"उद्या शाळेत नको जाऊ," थोड्या वेळानं ते म्हणाले. "डॉक्टरकडे ने मले. अन् तिथं जाऊन मी नाई म्हणालो, त माह्यं ऐकू नको."