बंद कूलर आणि एक पापुद्रा

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून बसणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर स्फटिक उचलत असतो. त्या दुपारी मी दोन्ही होते.

लँथॅनमच्या ऑक्साइडात अमोनियम ब्रोमाइड मिसळून भट्टीत तापवलं की ऑक्सिब्रोमाइडची पूड मिळते. ते सोपं. पण आतले अणू कसे रचलेत हे पाहायला अखंड स्फटिक लागतो. म्हणून ती पूड वितळलेल्या क्षारात ठेवून भट्टी अगदी सावकाश थंड करायची, मग क्षार धुऊन टाकायचा. उरतात अभ्रकासारखे चौकोनी पापुद्रे. त्यांची खोड अशी की ते एकमेकांना चिकटून वाढतात. दिसतो एक, असतात चार. मायक्रोस्कोपखाली ध्रुवित प्रकाशात फिरवताना जो पूर्ण फेरीभर काळाच राहतो, तो खरा. आधीच्या सगळ्या घाण्यांनी दगा दिला होता. या घाण्यात असा एकच सापडला. दुसऱ्या विभागाच्या क्ष-किरण मशीनवर माझ्या गाईड मॅडमनी हातापाया पडून त्या दिवसाची पाळी मिळवली होती. रचना मिळाली नाही तर माझा प्रबंध अडलाच.

एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोकाला तेल लावलेला काचेचा तंतू, आणि श्वास रोखलेला. पापुद्रा सुईच्या टोकावर आला.

तेवढ्यात प्रयोगशाळेत बाबा आले. रामटेकहून एसटीनं, डोक्याला दुपट्टा, हातात डबा. मला घामानं निथळताना पाहून त्यांचा जीव कासावीस झाला.

"काहून वं, कूलर बंद करून बसली? भाजून राहिली तू!" म्हणत ते बटणाकडे गेले.

मी मान हलवली, त्यांना कळलं नाही. डोळे मोठे केले, तर ते हसले. बोट बटणावर टेकलं.

"बाबा, हात नोका लावू!" मी किंचाळले.

चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. कूलर सुरू झालाच नाही. पापुद्रा उडाला तो माझ्या तोंडच्या वाऱ्यानं.

टेबल, फरशी, माझी ओढणी, सगळं धुंडाळलं. मिळाला नाही. इतका संताप आला होता की रडूही येईना.

"मी हात नाही लावला वं," भिंतीला टेकून बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरंच नव्हता लावला. पण तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. मशीनवर दुसऱ्यांचा नमुना चढला.

संध्याकाळी आम्ही माझ्या खोलीवर आलो. खोली नुसती तापली होती. बाबा पंख्याच्या बटणापाशी गेले आणि थांबले.

"लावू का वं?" त्यांनी विचारलं.