राजरोगाची साखर

लघवीची तपासणी एकांतात करतात, असा माझा समज होता. ब्राह्मणपुरीला बहिणीच्या सासरी तो पार धुऊन गेला. शहाद्याचे डॉक्टर बैलांच्या दमणीतून उतरले, ओट्यावर गादी-तक्क्या मांडला गेला, आणि पांढऱ्या चादरीवर स्पिरिटचा दिवा, काचेची नळी व अत्तराची एक जुनी बाटली ठेवण्यात आली. बाटलीत माझ्या बाळंतीण बहिणीची लघवी होती. उरलेलं गुलाबाचं अत्तर आणि ती, यांचा मिळून जो वास उन्हात सुटला, तो अजूनही गुलकंद समोर आला की माझ्या नाकात येतो.

अर्धं गाव ओट्याखाली उभं होतं. डॉक्टरांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या, नळीत निळं औषध ओतलं, त्यात बाटलीतले थेंब सोडले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं विटकरी. कुणीतरी हात जोडले.

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले. "राजरोग आहे हा. गादीवर बसणाऱ्यांचा. राबणाऱ्यांच्या वाट्याला तो येत नाही."

बहिणीचे सासरे घाबरतील असं मला वाटलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. कापसाच्या चांगल्या हंगामांनी घराला दुसरा मजला आला होता, दिवाणखान्यात विलायती आरसा आला होता. आता राजरोगही आला. संध्याकाळी पाहुण्यांना ते सांगत होते, "आमनी सूनले राजरोग शे." सांगण्याची तऱ्हा अशी, की सुनेनं घोडागाडी आणली असावी.

सुनेचं मात्र खाणं गेलं. गूळ बंद, भात बंद, दूध बंद. आईनं पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा सासूबाईंनी शिंक्यावर टांगला. सकाळी कारल्याचा रस, दुपारी चतकोर भाकरी आणि मेथीची कडू भाजी, वर डॉक्टरांचा काढा, ज्याला जनावरांच्या गोठ्याचा वास होता. बाळंतिणीचं दूध आटत चाललं. भाचा छातीला लागायचा, थोडं ओढायचा आणि चिडून तोंड फिरवून रडायचा. रडून रडून त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा चिरका झाला होता.

मी नंदुरबारच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि सुट्टीत तिथे आलो होतो. बडोद्याला कॉलेजात साखरांचं प्रकरण मी घोकलं होतं. ते औषध विटकरी झालं याचा अर्थ एवढाच, की लघवीत तांब्याच्या क्षाराला लाल करणारी कुठली तरी साखर आहे. कुठली, ते औषध सांगत नाही. साध्या साखरा म्हणजे एक भलंमोठं गोत आहे. कुणात कार्बनचे तीन अणू, कुणात पाच, कुणात सहा. सहावाल्यांत द्राक्षातली साखर आहे, फळातली आहे, आणि दुधाच्या साखरेतून निघणारी आणखी एक. तिघींत कार्बन सहा, हायड्रोजन बारा, ऑक्सिजन सहा. फळातलीची रचनाच निराळी. उरलेल्या दोघींत फरक इतकाच, की चौथ्या कार्बनवरचा हात एकीचा उजवीकडे, दुसरीचा डावीकडे. या दोघी जोडीनं बांधल्या की दुधातली साखर होते. तीही औषध लाल करते. आणि दूध भरून आलेल्या बाईच्या लघवीत ती थोडी उतरते, त्यात रोग काही नसतो.

पागोट्याच्या पिळावरून माणसाची पोटजात ओळखणाऱ्या गावात साखरेला मात्र एकच जात होती.

डॉक्टरांकडे शहाद्याला जाऊन मी हे सांगितलं. ते हसले. "मास्तर, साखर ती साखर. हात उजवा असो की डावा, गोडच लागणार."

"चाखून पाहिलीत का?" मी विचारलं. त्यांनी मला चहा विचारला नाही.

फरक दाखवायचा एक स्वस्त उपाय होता. किण्व, म्हणजे ताडी आंबवणारे सूक्ष्म जीव, द्राक्षाची साखर खातं आणि बुडबुडे सोडतं; दुधाच्या साखरेला तोंड लावत नाही. किण्व मिळण्याची जागा एकच होती, गावाबाहेरचं ताडीचं दुकान. मी मडक्याच्या तळाचा गाळ मागितला. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इतकी वाईट वेळ त्यानं कुणावर आलेली पाहिली नव्हती.

घराच्या उंबऱ्यातच सासूबाई आडव्या आल्या. "भाऊ, हाई काय शे?"

"ताडीचा गाळ, मावशी. औषधासाठी."

"मन्हा घरमा ताडी? चालाव नही!"

आतून सासरे गरजले, "पाव्हणा, तू डाक्टरपेक्षा बी मोठा शे का?"

मेहुणे वडिलांसमोर बोलत नसत. त्या दिवशीही त्यांनी ती परंपरा राखली. लघवी गादीवर चालत होती, ताडी उंबऱ्यावर चालत नव्हती. 

मी परसात, कडुलिंबाखाली बसलो. गाळ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतला, म्हणजे ताडीची स्वतःची साखर निघून जावी. मग तीन बाटल्या घेतल्या. एकीत किण्वाला चालणारं गुळाचं पाणी, दुसरीत दुधाची साखर असलेली फाटलेल्या दुधाची निवळी, तिसरीत बहिणीची उकळून निववलेली लघवी. तिन्हींत सारखा गाळ घातला, काठोकाठ भरून वाटीत उपड्या केल्या आणि कोवळ्या उन्हात ठेवल्या. बहीण मागच्या दारात पोराला घेऊन बसली. सासूबाई लांबून पदर नाकाला लावून पाहत होत्या.

दुपारपर्यंत गुळाच्या बाटलीत बुडबुडे चढून वर हवेचा मोठा फुगा साठला. निवळी गप्प. लघवीही गप्प.

"म्हणजे काय रे?" बहिणीनं विचारलं.

"तुझ्यात आहे ती दुधाचीच साखर. त्या दुसऱ्या बाटलीतली."

 ती पोराला माझ्या मांडीवर टाकून उठली, पाटावर चढली आणि शिंक्यावरचा डबा तिनं स्वतः काढला.

"वं माय! राजरोग शे ना तुले!" सासूबाई ओरडल्या.

"राजरोग मामंजींना ठेवा," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर लाडू फोडला. दुसराही खाल्ला. डबा पुन्हा शिंक्यावर चढला नाही. मी गेल्यावर घरभर गोमूत्र शिंपडण्यात आलं, असं तिनं मागाहून सांगितलं.

तिचं दूध परत आलं. पुढे दुधाचा सुरुवातीचा जोर ओसरला, तशी ती साखर उतरायचीही आपोआप थांबली. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांचं औषध निळंच राहिलं. भाच्याच्या उष्टावणाला त्याच ओट्यावर, त्याच तक्क्यावर बसवून, मधुमेह बरा केल्याबद्दल सासऱ्यांनी त्यांना शाल घातली. डॉक्टर रोगावर आणि स्वतःवर बराच वेळ बोलले. फोटोवाला बोलावलेला होता, म्हणून त्यांनी भाच्याला मांडीवर घेतलं.

भाचा नुकताच पोटभर प्यायला होता. त्यानं शालीवर भळकन दूध ओकलं, फाटलेलं, आंबट. डॉक्टरांनी हात पुढे करून फडकं मागितलं. ते माझ्याच खांद्यावर होतं. मी फोटोवाल्याकडे पाहत राहिलो.