डावा लागला, उजवा लागला

गाडीला चावी लावली की नसीमआपा आधी मला मागे पाठवायच्या. त्या आत बसून एकेक दिवा लावणार आणि मी गाडीमागे उभी राहून ओरडून सांगणार, "डावा लागला. उजवा लागला. ब्रेक लागला." बिबवेवाडीतली आमची गल्ली तेव्हा नुकती जागी होत असायची. मला लाज वाटायची. आवाज बारीक निघाला की आरशात आपांचे डोळे दिसायचे आणि पाठोपाठ प्रश्न यायचा, "कुणाची झोप सांभाळतेस गं?"

मी किनवटच्या पलीकडची. आठवीत शाळा सुटली, आणि पुण्यात आले ती आपांच्या डब्यांचा स्वयंपाक करायला. आपांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. मराठी अशी, की आपला अपमान झालाय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळावं. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात आम्ही दोघी पोळ्या लाटायचो, भाज्या करायचो. एक दिवस सोसायटीचे चेअरमन दारात आले.

"अहो आपा, आपल्या हाताला चव आहे, वादच नाही. पण फोडणीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो."

"म्हणजे चौथ्या मजल्यावर डबा पोचवायला नको," आपा म्हणाल्या.

पण मीटिंग भरली, ठराव झाला. इमारतीत धंद्याचा स्वयंपाक बंद. त्या संध्याकाळी मी पिशवी भरली. गावाकडे भावाने स्थळ पाहून ठेवलं होतं. पुण्यातलं काम सुटलं की परत यायचं आणि बोहल्यावर उभं राहायचं, असं त्याने बजावलेलं. आपांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. "उघड ती. बंदी बिल्डिंगमध्ये आहे, पुण्यात नाही."

थोड्याच दिवसांत त्या एका दवाखान्याने विकायला काढलेली जुनी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन आल्या. तिच्यात ओटा आणि शेगडी बसवायची आणि लोणी काळभोरच्या कॉलेजांपाशी जाऊन जेवण विकायचं, असा बेत. जो तो म्हणायचा, जिच्यातून मेलेली माणसं नेली तिच्यातलं कोण खाणार? आपा म्हणायच्या, "दवाखान्यात डबे खातातच की सगळे. कुणाच्या घशात अडकल्याचं ऐकलं नाही."

गाडीचे बाहेरचे दिवे मात्र पार गेले होते. मागच्या दिव्यांच्या काचा फुटलेल्या, एक इंडिकेटर चिकटपट्टीने धरलेला. आणि टपावर तो निळा दिवा. आरटीओत गाडीचं पासिंग व्हायचं तर हे सगळं बदलणं भाग होतं. वायरमन आला, त्याने निळ्या दिव्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "आपा, हा राहू द्या. पासिंगच्या दिवशी काढू, मग परत लावू. हडपसरच्या गर्दीत कुणी अडवणार नाही."

"लोक रस्ता सोडतात ते मरणाऱ्यासाठी," आपा म्हणाल्या. "माझ्या वांग्याच्या भाजीसाठी नाही. काढ तो." दिवा निघाला, टपाला भोक पडलं, आणि त्याच भोकात आपांनी शेगडीचं धुराडं बसवलं.

नवे दिवे लागले तेव्हा मी पहिल्यांदा गाडीमागे उभी राहिले. वायरमन आत बसला होता. त्याने डावीकडचं बटण दाबलं आणि उजवा दिवा लुकलुकला. "उजवा लागतोय," मी म्हणाले. आतून तो हसला. "ताई, डावं-उजवं बघून सांगा. माझं वायरिंग चुकत नसतं." मी गप्प झाले. गावात, शाळेत, कुणी एवढ्या खात्रीने बोललं की मी गप्पच व्हायची. आपा शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. उठून बघायला त्यांना चार पावलं चालावं लागलं असतं. त्या उठल्या नाहीत. "ती मागे उभी आहे, तू आत बसलायस. दिवा कुणाला दिसतोय?" मग माझ्याकडे वळून, "परत सांग. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ दे."

मी परत सांगितलं. वायरमन उतरला, बघितलं आणि वायरी बदलायला बसला. माझ्या शब्दावर कुणी खाली उतरल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती भिंत सोसायटीची. आपा गाडी बाहेर रस्त्यावर लावायच्या, पाठ बरोबर भिंतीकडे करून. चेअरमननी तिथे पाटी लावली: "भिंत आमची आहे, गाडी तुमची आहे. दोघींची ओळख वाढवू नये." आपांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे." गाडी तिथेच राहिली. रोज सकाळी ब्रेक दाबला की ती पाटी लाल व्हायची आणि मी ओरडायची.

पुढे आपांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी मला गाडी शिकवली. मी घाबरून क्लच सोडला की म्हणायच्या, "बंद पडली तर पडली. परत चालू होते. तेवढ्यासाठीच चावी दिलीय." गेल्या थंडीत त्या गेल्या. त्यांच्या भाच्याने गाडी माझ्याकडे राहू दिली. भावाचा फोन आला, "आता तिथे कोण आहे तुझं? ये परत." भीती मला अजून वाटते, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी पातेली चढवली, चावी लावली आणि लक्षात आलं, मागे उभं राहायला कुणी नाही. आरशात भिंत तेवढी दिसत होती. उजवं बटण दाबलं. भिंतीची एक बाजू पिवळी लुकलुकली. डावं दाबलं, काहीच नाही.

"अहो, डावा लागत नाहीये," बाहेरून आवाज आला. चेअरमन दुधाची पिशवी घेऊन उभे होते. "आणि आता आपा नाहीत, तर ही गाडी इथून कधी हलणार?"

"दिवा आज बदलते, काका," मी म्हणाले. "गाडी इथेच राहणार."

मग मी ब्रेक दाबला. आरशात पाटीसकट सगळी भिंत लाल झाली.

"ब्रेक लागला," मी एकटीच ओरडले. चौथ्या मजल्यापर्यंत गेलं असेल.