आत्याच्या हातची शेवटची गाठ

एकोणीसशे साठच्या दशकात, पुण्यात मी काम करायची त्या संस्थेत आम्ही एक संगणक बांधत होतो. आकडे तर तो लक्षात ठेवणार होताच, पण त्या आकड्यांचं काय करायचं हेही त्याच्याच पोटात साठवलेलं असणार होतं. मला त्याचं इतकं वेड लागलं होतं, की भोरच्या एसटीतून उत्रोलीची भातखाचरं दिसली तरी त्याच्या स्मृतीच्या चौकटीच दिसायच्या.

ती स्मृती म्हणजे मोहरीएवढ्या चुंबकी कड्या, बारीक तारांत उभ्या-आडव्या ओवलेल्या. वीज गेली तरी त्यांतलं पुसलं जात नसे. ओवण्याचं काम बाहेर द्यायचं ठरलं, तेव्हा मी भोरच्या माझ्या आत्याचं नाव पुढे केलं.

आत्या मंगळसूत्रं गाठवायची. तिचे यजमान गेले आणि लोकांनी मणी आणणंच बंद केलं, विधवेच्या हातचं नको म्हणून. मला त्याचा संताप यायचा. ती कुणाला बोल लावायची नाही. दुपारभर ओसरीवर बसून रिकामी बोटं हलवत राहायची.

कड्या बघून तिनं विचारलं, "ह्ये कुणाच्या गळ्यात जायाचं?"

"कुणाच्याच नाही."

मग ती ओवत गेली. उन्हाची तिरीप तारांवरून हळूहळू सरकायची. मला वाटायचं, यंत्र इथंच, तिच्या मांडीवर, आठवायला शिकतंय.

पहिली चौकट संस्थेत नेली आणि तपासणीच्या टेबलावर कडेच्या ओळीतल्या कड्या घरंगळून पडल्या. शेवटची तार बांधलेलीच नव्हती. पुन्हा असं झालं तर काम काढून घेऊ, असं साहेबांनी बजावलं. मी तणतणतच भोरला आले.

आत्यानं ओळ पुन्हा भरली आणि तारेचं टोक माझ्यापुढे धरलं. "शेवटची गाठ सवाष्णीनं मारायची असती. म्या कशी मारू? तू मार, तुजं नवं लगीन हाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडूच आलं. मी मारली असती तरी काम वाचलं असतं. पण मी हात मागे घेतले.

"तूच मार, आत्या."

ती बराच वेळ टोक धरून बसली. ओसरीवरचं ऊन अंगणात उतरलं. मग तिनं गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि चौकट माझ्या हातात दिली.

"दुसरी दे," ती म्हणाली.