क्लिपचं नाव ‘कोळीण भांडते’

मंडळी, आज बोईसरला आमच्या माहितीपटाचं एडिटिंग बघायला दातिवऱ्याच्या हिरामावशी आल्या. पडद्यावर त्यांच्याच क्लिपचं नाव: ‘कोळीण भांडते ३’.

नाव मीच दिलेलं, आवाज बंद ठेवून. आम्हा विचारवंतांना न ऐकताच सगळं कळतं! एडिटरने नाव वाचून क्लिप थेट बंदरावरच्या भांडणाच्या प्रसंगात जोडली.

“भांडते? अरे, होडीतल्या नवऱ्याला दोर सोड म्हनते मी! वाऱ्यात काय कानात सांगू? आता गाव मला भांडखोर म्हनंल!”

“मावशी, काढतो.”

“काढच! मी भांडली असती ना, तर तुजा कॅमेरा पान्यात असता.”

क्लिप काढली. आता प्रत्येक क्लिप ऐकूनच नाव देणार, सिनेमा रखडला तरी चालेल.

तुमच्याबद्दल असं आवाज बंद ठेवून कुणी काय ठरवलंय?